कायाहोगा नदी एका फोटोने स्वच्छ झालेली नाही

आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगायला लागला, त्याचे फोटो आले, की पाठोपाठ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. सोबत कृष्णधवल फोटो असतो. नदीच्या पाण्यावर आग, ज्वाळांनी वेढलेली टगबोट, वर काळा धूर. मजकूर साधारण असा:

“१९६९ साली अमेरिकेतली कायाहोगा नदी इतकी घाण झाली की ती चक्क पेटली. हा त्या भीषण आगीचा फोटो. टाइम मासिकाने तो छापला आणि देश हादरला. अध्यक्ष निक्सन यांनी लगेच पर्यावरण संस्था स्थापन केली, कडक कायदा केला. मेलेलं ईरी सरोवर जिवंत झालं, काही वर्षांत नदी काचेसारखी स्वच्छ झाली. आपल्या लोकांनाही असाच एक झटका बसायला हवा.”

पाठवणाऱ्यांना नदीची कळकळ आहे, यात मला शंका नाही. पण ही नदी ज्या शहरातून वाहते त्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या एका उपनगरात, म्हणजे याच कायाहोगा काउंटीत (जिल्ह्यात), मी नऊ वर्षं काढली आहेत. गोष्ट अशी घडलेली नाही. आणि शेवटचं झटक्याचं वाक्य तर मला घातक वाटतं. म्हणून एकेक विधान घेऊन लिहिते.

“हा त्या भीषण आगीचा फोटो.”

हा फोटो १९६९ चा नाही, १९५२ च्या नोव्हेंबरमधल्या आगीचा आहे.

१९६९ ची आग २२ जूनला लागली. रविवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते. शहराच्या दक्षिणेला पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात नदीवर रेल्वेचे दोन पूल होते. खांबांना अडकून तेलाचा तवंग आणि लाकडाचा कचरा साचला होता. वरून गेलेल्या गाडीची ठिणगी त्यात पडली असावी. ज्वाळा पाचमजली इमारतीएवढ्या उंच गेल्या, काठावरून बंब आणि पाण्यातून अग्निशमन बोट आली, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोक्यात आलं. नुकसान सुमारे ५० हजार डॉलरचं, तेही दोन पुलांचंच. कोणी दगावलं नाही. फोटोग्राफर पोचले तेव्हा ज्वाळा विझल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशीच्या पेटत्या नदीचा फोटो कोणाकडेच नव्हता. स्थानिक वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी पुलावर पाणी मारणाऱ्या बोटीचं चित्र छापलं, बातमी आतल्या पानावर छोटीशी गेली. टाइमने १ ऑगस्टच्या अंकात नद्यांच्या प्रदूषणावर लिहिलं तेव्हा १९५२ चा फोटो वापरला. त्याच अंकात माणूस चंद्रावर उतरल्याचा वृत्तांत होता, म्हणून तो अंक घरोघरी गेला आणि त्याच्याबरोबर हा फोटोही.

आता जरा थांबून विचार करा. हा फोटो १९५२ पासून होता. त्या आगीतलं नुकसान पाच लाख ते पंधरा लाख डॉलरच्या दरम्यान सांगतात, म्हणजे १९६९ च्या किमान दहापट. तरी पुढची सतरा वर्षं हा फोटो कोणालाही हादरवू शकला नाही.

“इतकी घाण झाली की ती पेटली.”

वाचणाऱ्याला वाटतं, नदी हळूहळू घाण होत गेली आणि १९६९ ला कडेलोट झाला. पण या नदीची पहिली नोंदलेली आग १८६८ ची आहे. तेव्हापासून ती किमान बारा-तेरा वेळा पेटली. १९१२ च्या आगीत पाच माणसं मेली. १९३६ ची आग कित्येक दिवस धुमसत होती. नदीला आग लागणं हा त्या शहरात धंद्याचा खर्च होता. गोदी जळाली की विम्याचे पैसे घ्यायचे, पूल जळाला की दुरुस्त करायचा.

नदी पेटायची का, हे कळायला तिथला भूगोल पाहावा लागतो. कायाहोगा नावाचा अर्थ ‘वाकडी नदी’ असा सांगतात, आणि ती आहेच तशी. ईरी सरोवरापासून फार दूर नसलेल्या उगमातून निघून ती आधी सरोवराकडे पाठ करून दक्षिणेला जाते, ॲक्रनपाशी वळसा घेते आणि उलट उत्तरेला येऊन क्लीव्हलंडमध्ये सरोवराला मिळते. त्या वळशापासून पलीकडच्या टस्करावस नदीपर्यंत जेमतेम आठ मैलांची वाट. इथले मूळ रहिवासी डोंग्या खांद्यावर घेऊन या वाटेने जात. ती वाट ओलांडली की ओहायो आणि मिसिसिपीमार्गे थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पाण्याचा रस्ता. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात हीच नदी सरहद्द ठरली: पूर्वेला गोऱ्या वसाहतवाल्यांची जमीन, पश्चिमेला मूळ रहिवाशांची. ती सरहद्द दहा वर्षं टिकली. १८०५ मध्ये नव्या तहाने पलीकडची जमीनही घेतली गेली. मोझेस क्लीव्हलंड हा कनेक्टिकटचा गृहस्थ मोजणीदारांची तुकडी घेऊन नदीच्या मुखाशी उतरला, तेही १७९६ मध्ये, तहाची शाई वाळते न वाळते तोच.

मग १८३२ पर्यंत कालवा ओहायो नदीला जाऊन भिडला, रेल्वे आली. सुपीरियर सरोवराच्या बाजूने जहाजांतून लोहखनिज येई, दक्षिणेकडून गाड्यांमधून कोळसा. दोन्ही जिथे भेटत तो या नदीचा शेवटचा पट्टा. पोलाद इथे झालं ते त्यामुळे. १८७० मध्ये रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल इथेच उभी राहिली. तेव्हा सगळ्यांना हवं होतं दिव्याचं रॉकेल. मोटारी आल्या नव्हत्या, त्यामुळे शुद्धीकरणात निघणारं पेट्रोल म्हणजे टाकाऊ माल. तो ओढ्यांत सोडला जाई, ओढे नदीला मिळत.

यात भर म्हणजे जहाजांसाठी मुखापासून आठ-नऊ किलोमीटरचं पात्र गाळ काढून खोल केलेलं. खोल, अरुंद आणि सरोवराच्या पातळीला आलेलं पाणी जवळजवळ हलतच नाही. वाहती नदी तेल पुढे तरी नेते. इथे ते वरच राहतं, पुलाच्या खांबांशी ओंडके अडकतात, त्यावर तेल चढतं. पेटायला मग एक ठिणगी पुरते. आणि ही एकटीच नदी नव्हती. बफेलो शहरातली नदी १९६८ मध्ये पेटली, डेट्रॉइटची रूज नदी १९६९ च्याच ऑक्टोबरमध्ये. त्यांचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

“देश हादरला, मग काम सुरू झालं.”

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे, कारण या वाक्यात क्लीव्हलंडच्या माणसांचं श्रेय पुसलं जातं.

आगीच्या सात महिने आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, क्लीव्हलंडच्या मतदारांनी नदी आणि सरोवर स्वच्छ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली होती. मैलावाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं, गटारांची दुरुस्ती, सगळं त्या पैशातून व्हायचं होतं. म्हणजे फोटो नाही, मासिक नाही, देश हादरलेला नाही, आणि तरी ज्यांच्या खिशातून कर्ज फिटणार होतं त्यांनीच होकार दिला. तोही श्रीमंत शहराने नव्हे. १९५० मध्ये नऊ लाखांवर असलेली लोकसंख्या घसरत होती, कारखाने बंद पडायला लागले होते, १९६६ मध्ये हफ या कृष्णवर्णीय वस्तीत मोठी दंगल होऊन गेली होती.

त्या मोहिमेमागे होते महापौर कार्ल स्टोक्स. १९६७ मध्ये निवडून आलेले, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. सरकारी चाळींत वाढलेले, आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. आग विझल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांना घेऊन नदीकाठी गेले. जळका पूल दाखवला, आणि जिथून मैला आणि कारखान्यांचं पाणी नदीत पडत होतं त्या जागाही दाखवल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कारखान्यांना पाणी सोडायचे परवाने राज्य सरकार देतं, नदी शहराची असून शहराच्या हातात अधिकार नाही, आणि वरच्या गावांचा मैलाही इथेच येतो. पुढे त्यांनी आणि खासदार असलेले त्यांचे भाऊ लुई स्टोक्स यांनी वॉशिंग्टनमध्ये हाच धोशा लावला. त्या रविवारच्या अर्ध्या तासाच्या आगीची आज आपल्याला खबर आहे, त्यात या दुसऱ्या दिवशीच्या फेरीचा वाटा मोठा आहे. मजकुरात मात्र स्टोक्स यांचं नावही नसतं.

“निक्सन यांनी लगेच संस्था काढली, कडक कायदा केला.”

पर्यावरण संरक्षण संस्था डिसेंबर १९७० मध्ये सुरू झाली आणि ती निक्सन यांच्याच काळात, हे खरं. पण त्यामागे एकटी कायाहोगा नव्हती. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेलविहीर फुटून काळा किनारा टीव्हीवर दिसला होता, आणि एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला लाखो लोक रस्त्यावर उतरले होते.

कायद्याबद्दलचं विधान तर उलटंच आहे. नदीसाठी खरा कामाचा कायदा १९७२ चा स्वच्छ जल कायदा. निक्सन यांनी तो २४ अब्ज डॉलर खर्चाचं कारण देऊन नकाराधिकाराने फेटाळला. संसदेने लगोलग तो नकार मोडून काढला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १२, खालच्या सभागृहात २४७ विरुद्ध २३. निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षाचे कितीतरी सदस्य त्यांच्या विरोधात उभे राहिले. त्या कायद्याने परवान्याशिवाय नदीत सांडपाणी सोडणं बेकायदा ठरलं आणि शहरांना शुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्राचा पैसा मिळाला.

“मेलेलं ईरी सरोवर जिवंत झालं.”

ईरी मेलेलं नव्हतं, त्याला अजीर्ण झालं होतं. पंच महासरोवरांत ते सगळ्यात उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर. डिटर्जंट आणि मैल्यातून फॉस्फरस येत राहिला, शेवाळ माजलं, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपला. ब्लू पाइक हा मासा कायमचा गेला, पण बाकीचे बरेच मासे टिकून राहिले. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर फॉस्फरस निम्म्याहून कमी झाला आणि सरोवर सावरलं. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या टोलेडो शहरात चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. या वेळी फॉस्फरस मुख्यतः शेतांतून आला होता.

“काही वर्षांत नदी काचेसारखी स्वच्छ झाली.”

काही वर्षांत? या नदीतले मासे खायला सुरक्षित आहेत, असं ओहायोच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं २०१९ मध्ये. आगीला बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

या पन्नास वर्षांत १९७२ मध्ये मलनिस्सारणाचं स्वतंत्र प्रादेशिक मंडळ झालं, कारण शहर आणि उपनगरं एकमेकांवर ढकलत होती. १९७८ मध्ये क्लीव्हलंड शहरच कर्ज फेडू शकलं नाही, तरी मैलावाहिन्यांचं काम चालू राहिलं. कारखाने बंद पडल्यानेही नदीवरचा भार कमी झाला, हे मान्य करायला हवं, आणि त्याची किंमत हजारो कामगारांच्या घरांनी मोजली. पण सगळेच कारखाने गेलेले नाहीत. नदीकाठी पोलादाचा कारखाना आजही चालू आहे. मी फ्लॅट्समध्ये, म्हणजे मुखाजवळच्या सखल भागात, काठावर उभी राहून सुमारे १९० मीटर लांबीची खनिजवाहू जहाजं वर जाताना पाहिली आहेत. वळणावर जहाजाचं नाक एका काठाला लागेल असं वाटतं आणि शेपूट दुसऱ्या, इंजिनं आळीपाळीने पुढेमागे करत ते इंचाइंचाने वळतं. त्याच्यामागे रोइंगच्या शर्यतीची पोरं वल्ही आवरून वाट पाहत थांबलेली असतात. काठावर कोणी गळ टाकून बसलेलं असतं. एकेकाळी ॲक्रन ते क्लीव्हलंड या पट्ट्यात मासा औषधालाही मिळत नव्हता, आता सत्तरच्या वर जाती आहेत. ब्रेक्सव्हिलचा जुना बंधारा २०२० मध्ये काढला, पाणी मोकळं वाहायला लागलं.

“आपल्या लोकांनाही असाच एक झटका बसायला हवा.”

शंभर वर्षांत डझनभर झटके बसले, माणसं मेली, आणि काही झालं नाही. काम सुरू झालं ते लोकांनी वाढीव बिल भरायला होकार दिला तेव्हा. झटक्याची वाट पाहायला सांगणारा हा मजकूर आपल्याला नेमकं तेच करू देत नाही. आपल्या गावाचा किती मैला शुद्ध न होता नदीत जातो, केंद्र बांधलंय ते पूर्ण क्षमतेने चालतं का, विजेचं बिल थकलंय म्हणून बंद तर नाही, हे प्रश्न फोटो पाहून कोणी विचारत नाही.

आणि क्लीव्हलंडचं काम अजून संपलेलं नाही. तिथल्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून जातात. मोठी सर आली की नळ भरतात आणि जास्तीचं पाणी तसंच ओढ्यात, नदीत, सरोवरात सुटतं. वर्षाला सुमारे ४५० कोटी गॅलन सुटायचं. ते ५० कोटींच्या आत आणायला जमिनीखाली खोल अजस्र बोगदे खणताहेत. त्यातल्या एकाचा व्यास २४ फूट आहे. जोराची सर आली की मिसळलेलं पाणी त्यात साठवायचं, मग उपसून शुद्ध करायचं. २५ वर्षांची, ३ अब्ज डॉलरची योजना, पैसा मुख्यतः रहिवाशांच्या सांडपाण्याच्या बिलातून. ते बिल दर तिमाहीला आमच्याही घरी यायचं, आणि दर एक-दोन वर्षांनी वाढायचं.

उन्हाळ्यात आम्ही पोरांना घेऊन एजवॉटरच्या किनाऱ्यावर जायचो. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर निघण्याआधी आजच्या पाण्यात जंतू किती आहेत ते बघायचो. आकडा जास्त असेल त्या दिवशी पोरं वाळूतच खेळायची.