नॅट आणाच, पण "डोनर घेऊन या" हे कधी थांबणार?

चाईबासाची बातमी आल्यापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच मागणी चाललीये, देशातल्या प्रत्येक ब्लड बँकेत नॅट टेस्ट, म्हणजे डोनरच्या रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी, सक्तीची करा. ज्यांच्या वाचनात आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधल्या चाईबासाला थॅलेसेमियाची, म्हणजे ज्या जन्मजात आजारात सारखं बाहेरून रक्त घ्यावं लागतं त्याची, पाच मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली, आणि ती रक्त घेत होती सरकारी रक्तपेढीतून. डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या सतन्याहून तशीच बातमी, पुन्हा थॅलेसेमियाचीच मुलं. २०११ मध्ये गुजरातेत जुनागढला २३ मुलांच्या बाबतीत हेच झालं होतं, तेव्हाही असाच संताप उसळला होता, चौकशी लागली होती, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले होते.

मी मूळची मिरजेची, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या ट्रान्सफ्युजन लॅबमध्ये काम करते. म्हणजे रोज रक्ताच्या पिशव्या हातातून जातात. ग्रुपवर मला विचारलं जातं की तुमच्याकडे हे होत नाही ना, तुमच्याकडे नॅट आहे ना. आहे. आणि आपल्याकडेही यायलाच हवी, त्यात माझं दुमत अजिबात नाही. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्यावर त्याच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, नुसत्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टला साधारण तीन आठवडे काहीच दिसत नाही, नॅट थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते त्यामुळे हा काळ दहा दिवसांच्या आसपास येतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत फरक याहून मोठा आहे.

पण दहा दिवस म्हणजे शून्य नव्हे. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, तीन आठवड्यांचा हिशोब धरला तरी वर्षाला सतरा वेळा, म्हणजे दहाव्या वाढदिवसापर्यंत दीडशेच्या वर अनोळखी माणसांचं रक्त त्या पोराच्या अंगात गेलेलं असतं. एखाद्या ऑपरेशनला दोन बाटल्या घेणाऱ्या माणसाला जो धोका अगदी नगण्य वाटतो तोच या मुलाच्या वाट्याला दीडशे वेळा येतो. म्हणून प्रत्येक वेळी अशा बातमीत थॅलेसेमियाची मुलंच असतात. आणि म्हणूनच मशीनच्या आधी काय होतं ते बघायला पाहिजे, म्हणजे सुई टोचून घ्यायला खुर्चीत कोण येऊन बसतो, आणि तो तिथे का आलेला असतो.

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या मावशीचं ऑपरेशन होतं, हॉस्पिटलने आदल्या दिवशी सांगितलं तीन डोनर घेऊन या, त्याशिवाय रक्त मिळणार नाही. मी सुट्टीवर तिथेच होते. घरातले तीन पुरुष निघाले, त्यातला एक नवीनच लग्न झालेला जावई. रक्तपेढीच्या बाहेर बाकडं, त्यावर एकाला एक लागून माणसं बसलेली, मामा जावयाच्या खांद्यावरून फॉर्मकडे बघतायत, आणि त्या फॉर्मवर प्रश्न कसले तर गेल्या काही महिन्यांत कावीळ झाली होती का, टॅटू काढलाय का, लैंगिक संबंधांबद्दलचे प्रश्न. त्या मुलाने अर्ध्या मिनिटात वरपासून खालपर्यंत सगळ्याला "नाही" करून टाकलं. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही, मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. पण समजा असतं, तर तो काय करू शकला असता? मामेसासऱ्यांसमोर उठून "मी नाही देऊ शकत" म्हणणार होता? मावशी आत टेबलवर जायची आहे आणि हा का नाही म्हणतोय याची चर्चा लग्नाच्या वर्षभरात घराघरात झाली असती. माणूस खोटं बोलेल अशीच सगळी मांडणी आपण करून ठेवतो, आणि मग मशीनने ते खोटं पकडावं अशी अपेक्षा करतो.

इकडे मी रक्तदानाला जाते तेव्हा एकटी जाते, आधी अपॉइंटमेंट घेऊन. प्रश्न विचारणारी नर्स आडोशाला नेते, दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. कुणासाठी रक्त देतेय हे मला माहीत नसतं, त्यामुळे मी आज देऊ शकत नाही असं म्हटलं तर कुणाचं ऑपरेशन अडत नाही. भारतात जाऊन आलं की मलेरियामुळे निदान चार महिने थांबावं लागतं, ते सांगितलं की हसून पुढची तारीख देतात. रक्त देऊन झाल्यावर सांगतात की पुढच्या दोन आठवड्यांत आजारी पडलात तर लगेच फोन करा, म्हणजे ती पिशवी बाजूला काढता येते. काही दिवसांनी मेसेज येतो की तुमचं रक्त अमुक हॉस्पिटलला गेलं. तो मेसेज आला की पुढची अपॉइंटमेंट घ्यावीशी वाटते, निदान मला तरी.

सांगलीला प्रॅक्टिस करणारा एक मित्र यावर भडकला. त्याचं म्हणणं, तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय, इथे मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, फ्रीज रिकामा, नातेवाईकांचं घेतलं नाही तर बाळंतीण माझ्यासमोर जाईल. त्याचं म्हणणं खरं आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे ती मीच सांगते, घानातल्या रक्तदात्यांवर अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी दाखवलंय की नातेवाईक म्हणून आलेला डोनर आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वेच्छेने आलेला डोनर यांच्या रक्तात संसर्गाचं प्रमाण फारसं वेगळं नसतं. सर्वात सुरक्षित असतो तो पुन्हा पुन्हा येणारा डोनर, कारण तो प्रत्येक वेळी तपासला गेलेला असतो आणि त्याला प्रश्नांची सवय झालेली असते, खरं बोलायचं कशासाठी हे त्याला पटलेलं असतं.

मग आपली शिबिरं असे डोनर तयार करतात का? महाराष्ट्र रक्तसंकलनात वर्षानुवर्षं देशात पुढे आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे, तरुण मंडळांची पोरं उन्हातान्हात राबतात. पण नेत्याचा वाढदिवस आला की एका दिवशी शेकडो पिशव्या आणि पुढचे दोन महिने काहीच नाही, असं चालतं. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस, त्यापुढे टाकून द्यायच्या. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून जे आकडे बाहेर आले त्यात पाच वर्षांत देशभरात २८ लाखांच्या वर युनिट रक्त आणि रक्तघटक वाया गेल्याचं दिसलं. सगळंच शिबिरांमुळे नाही, पण एकाच दिवशी ढीगभर गोळा करणं हे मोठं कारण आहेच. आणि भेटवस्तू! राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची मनाई आहे तरी चालूच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत रक्तदान करणाऱ्याला एक किलो चिकन किंवा पनीर देऊ केलं होतं, बातम्या सगळ्यांनी वाचल्या. ज्याला घरी त्या वस्तूची गरज आहे तो फॉर्मवर खरं लिहील का, हा साधा प्रश्न आहे.

आता दुसरी बाजू, जी माझ्या रोजच्या कामातली आहे. इकडे रक्ताच्या प्रत्येक पिशवीला एक टॅग असतो, पेशंटला पिशवी लावली की नर्स त्यावर सही, तारीख, वेळ लिहून तो तुकडा लॅबला परत पाठवते. नाही आला तर आम्ही वॉर्डला फोन करत राहतो, मिळेपर्यंत. २००५ च्या कायद्याने ही पिशवी कुणाची आणि कुणाला गेली हे तीस वर्षं सांगता आलंच पाहिजे. रक्त जुळवण्यासाठी पेशंटचं जे सॅम्पल घेतात त्या नळीवर नाव हाताने लिहायचं, तेही पेशंटच्या पलंगाशी उभं राहून, आणि एक अक्षर चुकलं तरी आम्ही सॅम्पल घेत नाही. रात्री दोन वाजता ज्युनिअर डॉक्टर फोनवर वैतागतात, त्यात आपल्याकडची लांबलचक नावं असली की स्पेलिंग हमखास चुकतं, तरीही नाही म्हणजे नाही, परत घ्या. कारण १९९६ पासून शॉट नावाची योजना देशभरातून रक्त चढवतानाच्या चुका गोळा करते आणि दर वर्षी छापते, आणि त्यातून वर्षानुवर्षं एकच दिसतंय, विषाणूपेक्षा माणसाच्या चुकांनी जास्त नुकसान होतं, चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी.

आपल्याकडे हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम, म्हणजे रक्त चढवल्यावर काही बिघडलं तर त्याची नोंद ठेवणारा, २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाला, चांगला आहे, पण चूक कळवणं ऐच्छिक. आणि माग किती लागतो ते बघा. २०१६ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलं की ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशभर २,२३४ जणांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची नोंद आहे, महाराष्ट्रातले त्यात २७६. ही नोंद कशावरून, तर पेशंटने तपासणी केंद्रात स्वतः सांगितलं त्यावरून. कुठली पिशवी, कुठला डोनर, त्याच डोनरचं रक्त आणखी कुणाला गेलं, हे त्या आकड्यात नाही. मला त्या २,२३४ पेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण माग लागला नाही तर पुढची पिशवी कशी थांबवणार?

इंग्लंड जात्याच शहाणं म्हणून हे सगळं करतं असं कुणी समजू नये. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात इथे तीस हजारांवर लोकांना रक्त आणि रक्तापासून केलेल्या औषधांतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला, तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. हिमोफिलियाच्या, म्हणजे ज्यांचं रक्त नीट गोठत नाही अशा मुलांसाठीचं औषध अमेरिकेतून यायचं, हजारो लोकांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून केलेलं, त्यात तुरुंगातले कैदीसुद्धा पैसे घेऊन प्लाझ्मा देत. ट्रेलोर नावाच्या शाळेत हिमोफिलियाची शंभरावर मुलं होती, त्यातली जेमतेम तीस आज जिवंत आहेत. धोका माहीत असून डॉक्टर आणि सरकार थांबले नाहीत, कागदपत्रं नष्ट केली, आणि सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल यायला २०२४ उजाडलं. कामाच्या ठिकाणी तो अहवाल आम्ही वाचला तेव्हा कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. तो टॅगचा तुकडा त्या माणसांच्या मरणातून आलाय. आपल्याला तेवढं गमावल्याशिवाय तो आणता येणार नाही का?

आणता येईल, कारण आपण याआधी केलंय. १९९६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक डोनर बंद झाले. तेव्हाही सगळे म्हणत होते रक्त मिळणार नाही, पेशंट मरतील. नॅटचंही तसंच जमेल. देशात चार हजारांच्या वर रक्तपेढ्या आहेत, तालुक्याच्या छोट्या पेढीत मशीन बसवणं परवडणारच नाही. इंग्लंडमध्येही प्रत्येक सेंटरला मशीन नाही, सगळ्या देशातल्या डोनरच्या रक्ताच्या नळ्या फिल्टन आणि मँचेस्टरसारख्या मोजक्या ठिकाणी जातात. पुणे, नागपूर, संभाजीनगर अशा विभागाच्या ठिकाणी एकेक मोठी लॅब आणि आजूबाजूच्या पेढ्यांच्या नळ्या रोज तिथे, एवढं महाराष्ट्राला जमण्यासारखं आहे. तीच लॅब पिशवीचा माग ठेवेल, आणि एखादा डोनर पॉझिटिव्ह निघाला तर त्याचं आधीचं रक्त कुणाला गेलं हेही शोधेल.

आमच्या ग्रुपमधला एकजण दरवर्षी गणपतीत शिबिर घेतो. त्याला मी दोन गोष्टी विचारल्या. तीनशे माणसांना एकाच दिवशी बोलावण्याऐवजी रक्तपेढीशी बोलून त्यांची वर्षभराची वाटणी करता येईल का, मे महिन्यातले पन्नास वेगळे ठेवून. आणि फॉर्म भरायचं टेबल मांडवाच्या तोंडाशी न ठेवता पडद्यामागे ठेवता येईल का, एका वेळी एकच माणूस. पहिल्यावर तो म्हणाला पेढीवाल्यांशी बोलून बघतो, कार्यकर्ते ऐकतील की नाही सांगता येत नाही. दुसऱ्याला लगेच हो म्हणाला, मांडववाल्याला आजच सांगतो म्हणाला.