दोन गाड्या, एकच किंमत

आठ महिने घोळ घातला. "गाडी घ्यायचीय" हे आमच्या घरातलं सगळ्यात शिळं वाक्य झालं होतं. अखेर मागच्या महिन्यात गाडी दारात उभी राहिली, आणि "कोणती घेतलीस?" विचारणाऱ्यांपेक्षा "अरे, मग ती मोठी का नाही घेतलीस?" विचारणारेच जास्त निघाले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. पोस्ट लांबलीय, निवांत असाल तेव्हा वाचा.

शेवटच्या फेरीत दोघी उरल्या होत्या. एक नवीकोरी छोटी हॅचबॅक. वजन हजार किलोच्या आसपास, बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, बघून कुणी मान वळवणार नाही अशी. दुसरी एका बड्या कंपनीची लक्झरी एसयूव्ही. आठ वर्षं जुनी, सव्वादोन टनांची, डिझेल, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन, डोक्यावर हे एवढं मोठं सनरूफ. नवी असताना तिच्या किमतीत छोट्या चार आल्या असत्या. आता दोघींची किंमत जवळपास सारखी.

खरं सांगतो, मोठीवर पाघळलो होतो. टेस्ट ड्राइव्हला बसलो, दार लावलं, आणि बाहेरचं जग कुणीतरी म्यूट केल्यासारखं झालं. दोन थरांच्या काचा, दाराला जाडजूड रबर, सीटवर बसलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. खड्डा आला तो फक्त दिसला, जाणवला नाही. रस्त्यावरचे लोक आपसूक वाट देतात हेही पाहिलं. याला कुणी दिखाऊपणा म्हणेल. म्हणू दे. ज्याला तो क्षण आवडला नाही असं जो म्हणतो, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

परत आलो तेव्हा मनातल्या मनात सही झालेली होती. बयाणा देण्याआधी एकदा आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांना दाखवून घ्यावी म्हणून घेऊन गेलो. काकांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण ती आठ वर्षांपूर्वी ज्याला परवडली, त्याच्यासाठी बनवलीय. तिचा मालक बदलला, हे तिला कुठं माहितीय?"

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ते असं.

काकांच्या त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. जुनी महागडी गाडी स्वस्त होते, कारण बाजारात तिची किंमत उतरते. तिचे सुटे भाग मात्र आजच्याच भावाने मिळतात. हेडलाइट घ्या. छोट्या गाडीचा बल्ब गेला तर बल्ब बदलायचा. हिच्या हेडलाइटमधले एलईडी सहसा सुटे मिळत नाहीत, अख्खा डबाच बदलावा लागतो. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात, आणि रबर म्हणजे वय झालं की चिरणारच. एक फुगा गळायला लागला की हवा भरणारा कॉम्प्रेसर जास्त चालतो, आणि त्या नादात तोही बसतो. समोरची काच तडकली तर नवी बसवून काम संपत नाही, काचेमागे कॅमेरा असेल तर त्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. टायरचं तर विचारूच नका. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत सगळ्या टायरांची झीज साधारण सारखी लागते, नाहीतर चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे एक टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, की दोन किंवा चार घ्या. तेही वीस इंची.

यातलं काहीच गाडीचा दोष म्हणता येणार नाही. ती तशीच बनवलेली आहे आणि म्हणूनच खड्डा जाणवत नाही. पण मी हिशोब करत होतो तो खरेदीच्या किमतीचा, आणि करायला हवा होता तो एका वाईट महिन्याचा. ज्या महिन्यात सस्पेन्शन आणि टायर एकदम बोलतील, त्या महिन्यात मी काय करणार? उत्तर सोपं होतं: गाडी उभी करून ठेवणार आणि दुचाकीने फिरणार. दारात हत्ती बांधायचा आणि आपण पायी चालायचं.

इंधनाबद्दल सगळे बोलतात म्हणून तेही सांगतो, पण माझ्या मते हा मुद्दा लोक नको तिथे ताणतात आणि हवा तिथे चुकवतात. माझं वर्षाचं फिरणं बारा हजार किलोमीटर. छोटी प्रत्यक्षात लिटरला १५ देईल, मोठी १०. म्हणजे वर्षाला ८०० लिटर विरुद्ध १२०० लिटर. फरक ४०० लिटरचा. दुखेल, पण एका वाईट महिन्याएवढं नाही दुखणार. चुकतात कुठे, तर अ‍ॅव्हरेजचे आकडे ऐकताना. एक मित्र म्हणाला, "याच्या पुढचं मॉडेल १२ देतं, दोनच जास्त, काय फरक पडतो?" पडतो! १० ची १२ झाली की १२०० लिटरचे १००० होतात, २०० लिटर वाचतात. उलट छोटीत १५ ची १८ करणारं मॉडेल घेतलं तर वाचतात जेमतेम १३३. ऐकायला तीन हा आकडा दोनपेक्षा मोठा, टाकीला मात्र उलटं कळतं. लिटरमागे किती किलोमीटर, याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजलं की हा गोंधळच होत नाही. कित्येक देशांत तसंच मोजतात.

तर मग मी वही केली. (बायको म्हणाली, "आता वही पण?") तीन महिने, जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये. प्रत्येक फेरीला तारीख, किलोमीटर, माणसं किती, सामान काय. कुणालाही गाडी घ्यायची असेल तर शोरूमच्या आधी हे करा असं सांगेन, कारण आपण कसे फिरतो याबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते सुट्टीतल्या फोटोंवरून बनलेलं असतं. माझ्या डोक्यात होतं: पाच माणसं, मागे बॅगा, डोंगरातला वळणांचा रस्ता. वहीत निघालं: मी एकटा, सहा किलोमीटर, जाताना लॅपटॉपची बॅग, येताना तीच बॅग आणि भाजी. पान उलटा, पुन्हा तेच. तीन महिन्यांत गाडी खरोखर भरली ती दोनदा.

आणि इथेच एक गोष्ट जुळली, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. आजच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारं फिल्टर असतं, डीपीएफ म्हणतात त्याला. साठलेली काजळी ते सहाशे अंशांच्या आसपास तापून स्वतःच जाळून टाकतं. पण तेवढं तापायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात पळायला हवी. रोज सहा किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत, असं चालवलं तर फिल्टर तापतच नाही आणि तुंबत जातं. म्हणजे मी त्या गाडीला नुसता परवडत नव्हतो असं नाही, माझं फिरणंच तिला मानवणारं नव्हतं. रोज तीनशे किलोमीटर तोडणाऱ्या माणसाकडे ती सुखात राहिली असती. त्याच्यासाठी कदाचित तीच बरोबर गाडी आहे, हे मी मनापासून म्हणतोय.

वाचता वाचता एक मजेशीर गोष्ट सापडली. १९७० साली पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा आत व्हिनाइलच्या सीट आणि प्लास्टिकचा डॅशबोर्ड होता. का, तर शेतातून चिखल घेऊन आल्यावर पाइप लावून आतून धुता यावी म्हणून! आज त्याच घराण्यातल्या गाडीत चपला झटकून बसावं लागतं. उलट छोट्या गाडीचं. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून अलेक इसिगोनिस या अभियंत्याला छोट्या गाडीचं काम मिळालं आणि १९५९ ला मिनी आली. लांबी जेमतेम दहा फूट. त्याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात खाली घातला, चाकं दहा इंची केली, आणि गाडीची जवळपास ८० टक्के जागा माणसांना नि सामानाला देऊन टाकली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं. मोठ्या डब्यात ऐसपैस जागा काढायला फार अक्कल लागत नाही. दहा फुटांत चार माणसं बसवायला लागते. तेव्हापासून छोट्या गाडीला "साधी" म्हणताना जीभ जरा अडखळते.

आता सुरक्षिततेचं, कारण सगळ्यात जास्त वाद इथेच झाला. मेहुण्याचं म्हणणं, "मोठी गाडी म्हणजे घरच्यांचा जीव." अर्धं बरोबर आहे. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्यांचं कमी बिघडतं, यात शंका नाही. गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणारे युरो एनकॅपवाले स्वतः सांगतात की तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच ताडून पाहा, म्हणजे छोटीचे पाच आणि मोठीचे पाच एक नव्हेत. पण उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे अचानक वळण घ्यावं लागलं तर कलंडण्याचा धोका तिला जास्त. लांब आणि उंच बॉनेटच्या पुढे उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही, हेही खरं. आणि मी वर्षातून सगळ्यात जास्त वेळा गाडी कुठे चालवतो? मुलं खेळतात त्या गल्लीत.

मेहुण्याचं ऐकून एक मात्र केलं. छोटीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या एका वाहन-मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास एकदम वळवल्यावर उलटली होती. कंपनीने मग त्या गाडीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल बसवून दिला, जो तोवर महागड्या गाड्यांपुरताच होता. घसरणाऱ्या गाडीचं एकेक चाक वेगवेगळं ब्रेक करून तिला सरळ आणणारी ही यंत्रणा. एअरबॅग आणि ही, या दोन गोष्टींसाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं तर घ्या. टचस्क्रीन दोन इंच मोठी मिळावी म्हणून घेऊ नका.

बाबांचा मुद्दा राहिला. त्यांचे गुडघे हा मोठी घेण्यामागचा माझा सगळ्यात हुकमी मुद्दा होता. छोट्या गाडीत खाली बसावं लागतं, त्यांना त्रास होईल, वगैरे. शेवटी त्यांनाच घेऊन गेलो. बुटक्या हॅचबॅकमध्ये ते बसले म्हणजे अक्षरशः पडले, उठताना मला हात द्यावा लागला. एसयूव्हीत उलटं. पायरीवर पाय, वरचं हँडल धरून अंग ओढायचं. बसल्यावर राजासारखे, पण चढताना दमछाक. मग तिसरीच एक छोटी गाडी दाखवली, उभट बांध्याची, जिची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येत होती. मागे सरकले, टेकले, पाय आत घेतले. "ही," म्हणाले. आठ महिन्यांचा घोळ एका शब्दात संपला. माझ्या सगळ्या वाचनात ही कमरेची उंची कुठेच नव्हती.

तीच घेतली.

ज्यांना नवी लक्झरी एसयूव्ही हप्त्याशिवाय घेता येते आणि पहिल्या चार-पाच वर्षांत निम्मी किंमत उडाली तरी झोप उडत नाही, त्यांनी जरूर घ्यावी. त्यांच्यावर माझा काही राग नाही, उलट त्यांनी घेतल्याशिवाय ती आठ वर्षांनी माझ्यासारख्याला भुलवायला येणार कुठून? राग आहे तो सात वर्षांच्या हप्त्यांवर ती विकणाऱ्यांवर. "महिन्याला फक्त एवढेच" म्हणताना समोरच्याच्या वाईट महिन्याचा विषय ते कधी काढत नाहीत.

छोटीत खटकतं तेही सांगतो. हायवेला शंभरच्या पुढे गेलं की आवाज वाढतो, शेजारून ट्रक गेला की गाडी किंचित हलते. भरलेल्या गाडीने चढावर ओव्हरटेक करायचं तर आधी मनात उजळणी करावी लागते. डिकी मोठ्या दोन बॅगांत संपते.

वही अजून डॅशबोर्डमध्ये आहे. आता तिच्यात एक नवा रकाना केलाय: "आज मोठी हवी होती." महिनाभरात दोन खुणा झाल्यात. एकदा आम्ही खरंच सहा जण होतो आणि दोन फेऱ्या कराव्या लागल्या. दुसऱ्या वेळी गाडीत मी एकटाच होतो, सामान काही नव्हतं, सिग्नलला शेजारी एक काळी एसयूव्ही येऊन थांबली एवढंच.