१६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच का चालतोय: तुमच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) सांगून ६० चा मॉनिटर गळ्यात मारला, व्हॅलोरंट गेममध्ये एफपीएसचा (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा) आकडा दोनशेच्या वर जातो तरी चित्र साठचंच वाटतं, सायबरपंक हा गेम पन्नासच्या पुढे सरकत नाही, तेव्हा मॉनिटर बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. एवढे पैसे मोजून पडद्यावर फरक दिसला नाही तर राग येणारच. पण मॉनिटर १६५ चाच आहे, आणि अडचण कुठे आहे ते तुम्ही टाकलेल्या दोन फोटोंतच दिसतंय. नवीन मॉनिटर घेणाऱ्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून फोनवर न सांगता इथेच सविस्तर लिहितोय.

पहिला फोटो कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा. त्यात एचडीएमआय केबल वरच्या बाजूला, यूएसबीच्या पोर्टांशेजारी लावलेली आहे. तो मदरबोर्डचा पोर्ट. ग्राफिक कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीवर आहेत: तुमच्या आरटीएक्स ३०६० ला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. फोटो मोठा करून बघा, त्या चारही पोर्टांवर काळी प्लास्टिकची टोपणं अजून तशीच बसलेली आहेत. म्हणजे कार्डातून मॉनिटरकडे थेट काहीच जात नाही. तुमच्या आय५-१२४०० प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातूनही चित्र येतं आणि सगळं बरोबर लागलंय असं वाटतं. त्या जागी १२४००एफ (स्वतःचं ग्राफिक्स नसलेला) असता तर पडदा काळाच राहिला असता आणि केबल चुकल्याचं लगेच लक्षात आलं असतं. आता होतंय असं की गेम कार्डावर चालतो, तयार झालेली फ्रेम प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे जाते आणि तिथून मॉनिटरला. यात वेग थोडा कमी होतोच, पण खरा अडसर त्या पोर्टाचा आहे.

दुसरा फोटो विंडोजच्या सेटिंगचा. रिझोल्यूशन २५६० बाय १४४०, रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) ५९.९५१. तुमचा काउंटर दोनशेच्या वर दाखवतो ते खोटं नाही. कार्ड सेकंदाला तेवढ्या फ्रेम खरंच तयार करतंय, पण मॉनिटर सेकंदाला साठदाच चित्र बदलतोय. वरच्या फ्रेम वाया जातात, आणि माउस जोरात फिरवला की चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसतं तेही त्यामुळेच.

आता केबलचा हिशोब, कारण सगळं इथेच अडतं. २५६० गुणिले १४४० म्हणजे साधारण ३६.८६ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट (तीन रंग, प्रत्येकी ८), आणि हे सेकंदाला १६५ वेळा. गुणाकार होतो १४.६ गिगाबिट, शिवाय दोन फ्रेममधल्या मोकळ्या वेळेचे थोडे जास्तीचे. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी ८.१६ गिगाबिट मिळतात, त्यात या रिझोल्यूशनला ७५ हर्ट्झच्या आसपास मजल जाते. स्वस्तातल्या काही मदरबोर्डांवर याच जातीचा पोर्ट असतो. एचडीएमआय २.० मधून १४.४ मिळतात, त्यात १४४ हर्ट्झ बसतं, १६५ बसत नाही. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८ मिळतात, त्यात १६५ आरामात बसतं. तुमच्या कार्डाचा एचडीएमआय २.१ आहे, पण मॉनिटरचा २.० च आहे, आणि दोघांत जो कमी तोच चालतो. म्हणून नुसती एचडीएमआय केबल कार्डाला लावलीत तर १४४ दिसेल आणि पुन्हा वाटेल की १६५ सांगून १४४ दिला. १६५ साठी डिस्प्लेपोर्टच लागतो.

ती केबल तुमच्याकडे आहे. मॉनिटरच्या खोक्यात थर्माकोलच्या खालच्या थरात, स्टँडच्या स्क्रूंच्या पिशवीजवळ बघा. सापडली नाही तर दुकानातून घेऊन जा, पण टीव्हीची केबल वापरू नका आणि एचडीएमआयला डिस्प्लेपोर्ट करणारा छोटा कनेक्टर तर अजिबात नको.

पीसी शटडाउन करून मागचं बटण बंद करा. मदरबोर्डातली एचडीएमआय केबल पूर्ण काढा, दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज त्यांना दोन पडदे समजतं. कार्डाच्या एका डिस्प्लेपोर्टाचं टोपण काढा. प्लगचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, तो पोर्टाच्या तिरक्या कोपऱ्याशी जुळवला की प्लग सहज आत जातो आणि टक् आवाज येतो. पुढे कधी काढायचा झाला तर प्लगवरचं बटण दाबूनच काढा. ओढून काढला तर आतले दोन बारीक हूक पोर्टाचा पत्रा वाकवतात, आणि कार्डाचा पोर्ट दुरुस्त करणं हे केबल बदलण्याइतकं सोपं काम नाही.

चालू केल्यावर मॉनिटरच्या बटणांनी इनपुट डिस्प्लेपोर्टवर न्या. काही मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन निवडायची सोय असते, ते १.१ वर असेल तर १.२ करा, नाहीतर केबल बरोबर असूनही ऐंशीच्या घरात अडकाल.

यापुढची पायरी हमखास राहून जाते. पोर्ट बदलला की विंडोज त्याला नवीन जोडणी समजतं आणि पुन्हा ६० वर जातं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट हाताने १६५ निवडा. यादीत १६५ दिसत नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशन उघडा. तिथे वर टीव्हीची रिझोल्यूशनं असतात आणि खाली पीसी नावाचा वेगळा गट असतो. त्या खालच्या गटातलं २५६० बाय १४४० निवडा. आउटपुट कलर डेप्थ १० बिटवर असेल तर ८ बिट करा. १० बिटला १८.२ गिगाबिट लागतात, ते १.२ मध्ये मावत नाहीत आणि १६५ यादीतून गायब होतं. १६५ ला पडदा मध्येच क्षणभर काळा होत असेल तर केबल कमकुवत आहे, तेव्हा दोन मीटरच्या आतली चांगली केबल घ्या.

खातरजमा करायला मॉनिटरच्या मेनूतलं इन्फर्मेशनचं पान उघडा. तिथे मॉनिटरला प्रत्यक्ष मिळत असलेला रिफ्रेश रेट दिसतो. गेमचा काउंटर हा पुरावा धरू नका, तो फक्त कार्डाचा वेग सांगतो.

व्हॅलोरंटमध्ये डिस्प्ले मोड फुलस्क्रीन ठेवा, लिमिट एफपीएस ऑलवेज बंद करा, गेममधला व्हीसिंकही (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद ठेवा. लॉबीत आकडा कमी दिसला तर मेनूसाठी वेगळी मर्यादा असते, तिकडे लक्ष देऊ नका. एक आधीच सांगतो, नाहीतर परत शंका येईल: जीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय), कंट्रोल पॅनलमधला व्हीसिंक आणि गेममधलं रिफ्लेक्स (माउसचा उशीर कमी करणारी सोय) ही तिन्ही चालू असली की आकडा १६५ ला न जाता १५७ ला थांबतो. ते मुद्दाम केलेलं असतं. फ्रेम मॉनिटरच्या मर्यादेला टेकल्या की रांग लागते आणि माउसला उशीर जाणवतो, म्हणून ड्रायव्हर थोडं खालीच रोखतो. १४४ च्या मॉनिटरवर तोच आकडा १३८ असतो.

सायबरपंकचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. केबल बदलून तिथे १६५ होणार नाही. १४४० वर अल्ट्रा सेटिंगला ३०६० पन्नासच्या आसपासच देतं, आणि रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी जड सेटिंग) चालू असेल तर आणखी खाली. रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र बनवून मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर, सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक फॉग मीडियमवर ठेवा. खेळायला छान गुळगुळीत होईल, पण १६५ ची अपेक्षा ठेवू नका. एल्डन रिंगसारख्या गेमला तर कंपनीनेच ६० ची मर्यादा घातलेली आहे, तिथे कितीही महागडं कार्ड घातलं तरी आकडा हलत नाही. १६५ खऱ्या अर्थाने वसूल होतं ते व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असल्या गेममध्ये, आणि तुमचा मुख्य गेम तोच आहे.

जाता जाता टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघून घ्या. ३२०० ऐवजी २६६६ किंवा २४०० दिसला तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे. बायोस रिसेट झालं की ते बंद होतं. व्हॅलोरंट प्रोसेसर आणि रॅमवर जास्त चालतो, त्यामुळे तिथे याचा फरक पडतो.

एवढं करूनही इन्फर्मेशनच्या पानावर १६५ आलं नाही, तर मॉनिटर, त्याची पॉवर केबल, ती डिस्प्लेपोर्ट केबल आणि बिल घेऊन कॉलेज रोडच्या दुकानात या. कॅबिनेट उचलून आणू नका. तुमच्यासमोर आमच्या मशीनला लावून बघू. तिथेही १६५ आलं नाही तर मॉनिटर त्याच दिवशी बदलून देऊ. आमच्याकडे आलं, तर दोष केबलचा नाहीतर तुमच्या मशीनचा. मग कॅबिनेट मागवून घेऊ आणि तपासणीचे पैसे लावणार नाही.