चेहरा जुळला नाही म्हणून पोटुशी बाईला परत पाठवू का?

डोकं फिरलंय नुसतं. परत ग्रुपवर यादी पडली, आमच्या अंगणवाडीचं नाव लाल रंगात, चेहरा पडताळणी कमी, उद्या लेखी खुलासा द्या नाहीतर मानधन कपात. कसला खुलासा देऊ? सातव्या महिन्यातली पोरगी वस्तीवरून चालत आली, तिला बसवलं, पाणी दिलं आणि पोषण आहाराचं पाकीट द्यायच्या आधी ॲपमधे चेहरा जुळवायला मोबाईल तोंडापुढं धरला. जुळेना. दारात उजेडाला नेलं, पदर मागं घ्यायला लावला, टिकली काढायला लावली, तरी जुळेना. आधारचा फोटो लग्नाआधीचा, आता गालफडं बसलीत तिची. केवायसी परत करावं तर ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर, तो ऊसतोडीला आणि फोन बंद. तोवर मागं लेकरं काखेत घेऊन बाया ताटकळलेल्या, त्यातली एक माझ्यावरच खेकसली, ताई तुम्हीच पाकिटं विकता म्हणून देत नाही. ऐकून घेतलं. ॲप बनवणारा तिला कुठं दिसतो, समोर मीच असते.

पाकीट दिलं मी त्या पोरीला. वहीवर सही घेतली आणि दिलं. कापा काय कापायचंय ते.

2021 ला राज्यभर सेविकांनी ते हँग होणारे मोबाईल परत केले तेव्हापासून सांगतोय, आधी नीट साधन द्या मग माहिती मागा. पण नाही. वजन उंची आम्ही, सर्वे आम्ही, निवडणुकीच्या याद्या आम्ही, 2024 ला लाडक्या बहिणीचे फॉर्म रात्री जागून आम्ही भरले, आणि फॉर्ममागं कबूल केलेल्या 50 रुपयांसाठी मागं लागायचं तेही आम्हीच. त्यात कुणी म्हणालं ना की चार तासाचं तर काम आहे, तर तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. ये एकदा, मार्चअखेरची रजिस्टरं लिही.

केंद्रानं सेविकेचं मूळ मानधन 2018 ला 3000 चं 4500 केलं, त्यानंतर गॅस, तेल, एसटीचं तिकीट कुठं गेलं बघा. 4 डिसेंबर 2023 पासून संपावर बसलो तर कामावरून काढायच्या नोटिसा धाडल्या. कामावरून काढता येतं म्हणजे आम्ही कामगार आहोत ना? मग पगार द्या, पेन्शन द्या. गुजरातच्या सेविकांच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2022 लाच सांगितलंय की ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू आहे. आणि आमच्या मदतनीस मावशी, सगळी उमर खिचडी शिजवण्यात गेली, त्या निवृत्तीच्या पैशासाठी अजून तालुक्याला खेटे घालतायत, दरवेळी साहेब मीटिंगला गेलेले असतात.