एक्स-रेचं रेडिएशन अंगात राहतं? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: एक्स-रेचं रेडिएशन अंगात साठून राहतं, एक सीटी स्कॅन म्हणजे चारशे एक्स-रे, धोका नसता तर टेक्निशियन भिंतीआड गेला नसता, एमआरआय आणि सोनोग्राफीतही तेच रेडिएशन असतं, एक्स-रे काढून आलेल्या माणसाने तीन दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नये, आणि उतारा म्हणून हळदीचं दूध प्यावं.

मी परळच्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात काम करते. कित्येक आठवडे खोकणारी माणसं असलं काही वाचून छातीचा फोटो काढायला नको म्हणतात. मुंबईत अशा खोकल्यामागे टीबी निघू शकतो, म्हणून हे उत्तर.

अंगात साठण्याचा दावा मुळातच चुकीचा आहे. एक्स-रे हे प्रकाशाच्याच जातीचे किरण, फक्त त्यांची ऊर्जा खूप जास्त. मशीनच्या नळीतल्या तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन टंगस्टन धातूवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का एक्स-रे होऊन बाहेर पडतो, बाकी सगळी उष्णता. नळीचा विद्युतदाब तोडला की किरण संपले, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसेच. त्यातले काही शरीरातून आरपार जाऊन चित्र उमटवतात, काही आतच शोषले जातात. हाडातलं कॅल्शियम जास्त शोषतं म्हणून हाड पांढरं दिसतं.

‘पण शरीरच किरणोत्सारी होत असेल तर?’ होत नाही. तपासणीच्या मशीनचा विद्युतदाब दीड लाख व्होल्टच्या पुढे जात नाही, म्हणजे किरणांची ऊर्जाही जास्तीत जास्त दीड लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. शरीर किरणोत्सारी व्हायला अणुकेंद्रच बदलावं लागतं, आणि आपल्या शरीरातल्या ऑक्सिजनच्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन उखडायचा तर दीड कोटीहून जास्त लागते. ही तफावत शंभर पटींची आहे.

किरण निरुपद्रवी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. जाता जाता ते डीएनएला इजा करू शकतात. बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करतात. तरीही प्रत्येक डोसागणिक कॅन्सरची शक्यता किंचित वाढते असं गृहीत धरूनच जगभरचे नियम बनवले आहेत. किरण साठत नाहीत, धोक्याची बेरीज मात्र धरली जाते. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची गल्लत केली आहे.

आता भिंतीचा मुद्दा. लोकांना सगळ्यात जास्त पटतो तो हाच, आणि मला रोज विचारला जातो. छातीचा फोटो काढताना पेशंट स्टँडला छाती टेकून उभा राहतो, आम्ही ‘श्वास घ्या, धरा’ म्हणतो, बटण दाबतो. किरण सुटतात ते सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरते. पेशंटला तेवढ्यातून स्वतःच्या फुप्फुसाची माहिती मिळते. मला काहीच मिळत नाही, आणि माझ्यासमोर रांग दिवसभर, वर्षानुवर्षं चालूच असते. प्रत्येक वेळी पेशंटच्या अंगावरून विखुरलेले थोडे किरण माझ्याकडे येणार. एका मीटरवर ते अंगावर पडलेल्या किरणांच्या साधारण हजाराव्या भागाइतके असतात, आणि अंतर दुप्पट केलं की चौथाई होतात. एका फोटोपुरतं ते नगण्य. हजारो फोटोंची बेरीज नगण्य राहत नाही, म्हणून भिंत.

ही बेरीज मोजलीही जाते. माझ्या शिशाच्या एप्रनच्या आत, छातीशी, टीएलडी बॅज असतो, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला. आत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर तीन छोट्या चकत्या, चकत्यांमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. किरणांची ऊर्जा त्यात अडकून राहते. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो. तिथे चकती तापवली की ती मंद उजळते, आणि त्या उजेडावरून माझा डोस कळतो. हे तंत्र आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभं केलं. मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं, त्याचं कार्यालय अणुशक्तीनगरला आहे: माझ्यासारख्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळालेला डोस मोजायचं एकक). एक्स-रे मशीन चालवायलाही याच मंडळाचा परवाना लागतो, आणि तो दाखवा असं सेंटरला कुणीही विचारावं.

चारशेचा आकडा हवेतून आलेला नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीच्या एम्सच्या तेव्हाच्या संचालकांनी एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे असं सांगितलं, आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला जाहीर हरकत घेतली. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. नेहमीच्या पद्धतीचा छातीचा सीटी सहा-सातच्या आसपास, कमी डोसचा दीड किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पहिल्याचा भागाकार तीनशेच्या घरात जातो, दुसऱ्याचा शंभराच्या आत. पण मुळात मापच केवढं आहे बघा! जमिनीतून, हवेतून, आकाशातून प्रत्येकाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. एक छातीचा एक्स-रे म्हणजे त्यातले तीन दिवस. नेहमीचा सीटी म्हणजे अडीच-तीन वर्षं. तेव्हा सीटी मनाला वाटलं म्हणून करू नये, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर टाळूही नये. माझी खरी तक्रार वेगळीच आहे: जुन्या फिल्म आणि सीडी घरी ठेवून लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि तोच स्कॅन पुन्हा होतो. तो डोस पूर्ण वाया जातो.

सोनोग्राफीत आवाज असतो, कानाला ऐकू न येणारा. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. दोन्हीत एक्स-रे नाहीतच. एमआरआयचा धोका लोखंडाचा आहे, कारण ते चुंबक चोवीस तास चालू असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा त्यात जीव गेला. खिशातल्या किल्ल्या काढा म्हणून आम्ही ओरडतो ते यासाठी.

मुलांना जवळ न घेण्याचा सल्ला खरा आहे, पण वेगळ्या तपासणीसाठी. बोन स्कॅनला टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात; त्याचं प्रमाण दर सहा तासांनी निम्मं होतं. ते अंगात असेपर्यंत पेशंटच्या शरीरातून किरण खरोखर बाहेर येतात. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी जास्त मात्रेत दिलेल्या किरणोत्सारी आयोडीनला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, म्हणून अशा पेशंटला काही दिवस वेगळं ठेवतात. तिथे मिळालेल्या सूचना तंतोतंत पाळा. एक्स-रे काढून आलेल्या आजीने मात्र घरी पोचताच नातवंडाला मांडीवर घ्यावं.

हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्या. त्याने बाहेर काढावं असं आत काही राहिलेलंच नसतं. आणि जी सूचना या मेसेजमध्ये हवी होती तीच नेमकी नाही: दिवस गेले असतील, किंवा तशी नुसती शंका असेल, तर टेबलावर चढण्याआधी आम्हाला सांगा. मग कधी सोनोग्राफीवर भागतं, कधी तपासणी पुढे ढकलता येते, आणि हाताचा किंवा पायाचा फोटो असेल तर बहुतेक वेळा तो काढताही येतो, कारण किरणांचा झोत पोटापासून लांब असतो.