विषाणू बदलतोय म्हणून रोटाची लस चुकवू नका

थंडी पडली, ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरल्या, की कोल्हापूर भागात तान्ह्या पोरांच्या उलट्या-जुलाबांचे दिवस येतात. मग एक बोलणं हटकून कानावर पडतं: "विषाणू सारखा बदलतोय, लस पाजून उपयोग काय?"

बदलतो, हे खरंच. तान्ह्या पोरांना उलट्या-जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, 11 सुट्या तुकड्यांत असतो. त्याच्या प्रती निघताना चुका होतात, त्या दुरुस्त होत नाहीत, आणि बारीक फरक साचत जातात. मोठा बदल होतो तो वेगळ्याच वाटेने. बाळाच्या आतड्यातल्या एकाच पेशीत दोन प्रकार एकदम शिरले, की तुकड्यांची अदलाबदल होते. कागदावर 2,048 जुळण्या निघतात. टिकतात फार थोड्या. कधी त्यातला एखादा तुकडा जनावराच्या विषाणूचा असतो. भारतात जी1, जी2 या रोटाच्या प्रकारांच्या जोडीला जी9, जी12 आणि पुढे जी3 वाढले.

पण लसही याच अदलाबदलीतून मिळाली आहे! रोटाव्हॅक या भारतीय लसीतला 116ई विषाणू 1980 च्या दशकात दिल्लीतल्या नवजात बाळांत सापडला. त्याचे 10 तुकडे माणसाच्या विषाणूचे, 1 गाईच्या. जुलाब न होता तो त्या बाळांच्या पोटात नांदत होता. लस एकाच प्रकारावर बेतलेली असूनही चाचणीत इतर प्रकारांपासून संरक्षण दिसलं. पहिल्या वर्षात रोटाचे तीव्र जुलाब सुमारे 56 टक्क्यांनी घटले. म्हणजे लस घेऊनही जुलाब होऊ शकतात, नोरोव्हायरस या जुलाबाच्या दुसऱ्या विषाणूवर तर ती चालतच नाही. पण बाळाला सलाईन लावायची वेळ कमी येते. आमच्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, सरकारी केंद्रात मोफत. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हायलाच हवा. ऊसतोड कुटुंबांचे डोस गाव बदलताना सुटतात. कार्ड सोबत असेल तर इथल्या उपकेंद्रातही पुढचा डोस मिळतो. मुकादमांनी एवढं बघावंच.

प्रकार कोणताही असो, जीव जातो तो पाणी आटून. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवा. ग्लासभर पाण्यात ओतलं तर ते खारट, दाट होतं आणि जुलाब वाढतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, ती मागू नका. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, लघवी थांबली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.