पट्टी बांधलेलं मूल वाचतं ते डोळ्यांनीच

मे महिन्याची सुट्टी लागली की म्हापसा-मडगावच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. थोडक्यात असा: डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा 'मिडब्रेन' बहुतेकांत झोपलेला असतो, मुलांना दोन दिवस क्लासमध्ये पैसे भरून विशिष्ट लहरींचं संगीत ऐकवलं की तो जागा होतो, मग मूल डोळे बांधून वाचतं, रंग ओळखतं, शिवाय डोळ्यांशिवाय दिसणं विज्ञानानेही मान्य केलंय.

'जोडणारा' इथेच घोळ आहे. दोन अर्धगोलांना जोडतो तो कॉर्पस कॅलोसम, सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, त्याच्या खाली, मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर.

तो झोपलेला नाही, हे घरच्या टॉर्चनेही कळतं. डोळ्यावर उजेड टाका, बाहुली लगेच बारीक होते. ते काम मध्यमेंदूचं. जाग टिकवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्याचा काही भागही तिथेच आहे. तो खरोखर झोपला तर मूल क्लासला नव्हे, आयसीयूत असेल.

आवाजाची वाट मध्यमेंदूतून जाते, एवढं खरं. पण चवथीच्या आरतीतलं घुमट वाद्य ऐकतानाही ती तशीच चालू असते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनकार आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं होतं की संमोहन करणाऱ्याच्या हातून कसलीही शक्ती वाहत नाही, परिणाम घडतो तो समोरच्याच्या मनात. त्याच्याच गोव्यात 'लहरीं'साठी पैसे मोजावेत, ही गंमतच.

आता मुख्य दावा, वाचण्याचा. छापील अक्षर म्हणजे कागदावरून परतणारा कमी-जास्त उजेड. तो डोळ्याच्या पडद्यावर पडतो, तिथून दहा-बारा लाख तंतूंची नस निघते. दोन्ही नसांतले निम्मे तंतू वाटेत बाजू बदलतात, मग सगळेच थॅलॅमस या मेंदूच्या मध्यातल्या केंद्रात टप्पा घेतात आणि संदेश डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला पोचतो. तिथे कॅल्करिन नावाच्या खाचेच्या दोन्ही काठांवर प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा दृष्टीसाठीचा भाग आहे, जाडी साधारण दोन मिलिमीटर. कापलेल्या मेंदूत या भागात नुसत्या डोळ्यांना एक पांढरी रेघ दिसते. इटलीच्या जेनारीने ती १७७६ मध्ये पाहिली, म्हणून तिला त्याचं नाव. रेघा, कडा, त्यांचा कल इथे ओळखला जातो. मग डाव्या मेंदूच्या तळाशी असलेल्या फ्युसिफॉर्म वळीत 'क' आणि 'फ' वेगळे ठरतात. डोळ्यात उजेडच शिरला नाही, तर या साखळीला वाचायला काही उरत नाही.

या कॉर्टेक्समधली जागावाटणी सारखी नाही. नजरेच्या मध्यावरच्या दहा अंशांना जवळपास अर्धी जागा मिळते, कडेच्या दृश्याला उरलेली. वाचायला तर मधले दोन अंशच पुरतात. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकात ते म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर रुंदी. म्हणून पट्टीखालची दोन मिलिमीटरची फट 'किरकोळ' नसते. नाकाच्या उंचवट्यामुळे पट्टी गालापासून सुटते आणि खाली तिकोनी फट राहते. पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पुन्हा बघा: मूल हनुवटी किंचित वर करतं, कार्ड छातीजवळ नाकाच्या रेषेत आणतं, 'वास' घेतल्यासारखं हलवतं. तेवढ्यात अक्षर फटीखालून सरकून जातं.

विज्ञानाच्या मान्यतेच्या पुराव्यादाखल दोन उदाहरणं हमखास पुढे येतात. पहिलं अंधदृष्टीचं: दृष्टी-कॉर्टेक्सला इजा झालेल्या काहींना 'दिसत नाही' असं वाटत असतानाही हलती वस्तू कुठे आहे ते सांगता येतं, त्यात मध्यमेंदूच्या वाटेचा हात असू शकतो. पण त्यांचे डोळे उघडे असतात, आणि बारीक छपाई त्यांना त्या वाटेने वाचता येत नाही. दुसरं ब्रेलचं: जन्मांध व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा तिचा दृष्टी-कॉर्टेक्स काम करतो, हे सिद्ध आहे. मात्र माहिती येते बोटाखालच्या सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्यातून. झेरॉक्सवर बोट फिरवून 'क' लागत नाही.

तपासायचंच असेल तर पट्टी विसरा. पोहण्याचा गॉगल घ्या, काचांवर आतून काळी चिकटपट्टी लावा, कडांवर कापूस आणि त्यावर टेप. चार रंगांची कार्डं तिसऱ्या माणसाने चिठ्ठ्या टाकून निवडावीत. ती मुलाला आधी दाखवू नयेत आणि कोणतं कार्ड आहे हे माहीत असलेला कोणी मुलासमोर नसावा, चेहरा वाचला जातो. दहा कार्डांत अंदाजाने सरासरी अडीच बरोबर येतात. दहाही येण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक.

क्लासचे सर म्हणतील, आज ऊर्जा कमी आहे. मग गॉगलही काढून ठेवा, डोळे उघडेच राहू देत, आणि पुस्तक मुलाच्या पाठीमागे धरा. डोळ्यांची गरजच नसेल तर पुढे काय नि मागे काय. मूल मान वळवेल.